नागलीवर टांगलेल्या सीड्या

गाण्याची सिस्टीम विकत आणली मी, पण घरात गाणं होतं ते बायकोचं. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते मी एवढंच विसरलो म्हणून झालं.

लग्नाआधी ती सात वर्षं गाणं शिकत होती. लग्न झालं तेव्हा मी मळ्यातून सायकलवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि शेवंतीच्या पाट्या घेऊन बाजारात जात होतो. आमच्या दोन खोल्यांत तानपुरा उभा करायला कोपरा नव्हता. तिचा रियाझ सुटला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे मी टोमॅटो आणि द्राक्षांच्या व्यापारात शिरलो, दोनदा सपाट झालो, तिसऱ्यांदा उभा राहिलो. गंगापूर रोडला घर बांधलं. त्या घरात सोफा यायच्या आधी मी तिला घेऊन म्युझिक सिस्टीमच्या शोरूममध्ये गेलो.

ॲम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर, सीडी प्लेअर. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मी मालकाला म्हणालो, "आता शेवटचा भाव बोला."

तो हसला. "भाऊ, हा भाजीबाजार नाही."

बाजूला उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. बायको शेजारी उभी होती. त्याने सांगितलेल्या भावात सगळं उचललं. आयुष्यात घासाघीस न करता घेतलेली ती माझी पहिली वस्तू. त्या माणसाबद्दलचा राग अजून आहे. तो काढून टाकावा असं मला कधी वाटलं नाही. त्या रागावर माझी बरीच कामं झाली आहेत.

सीड्या मात्र तिने एकेक करून जमवल्या. बंद पडणाऱ्या दुकानांतून, प्रदर्शनांतून, पुण्याच्या बहिणीकडून. प्रत्येकीची नोंद एका वहीत. वीस वर्षांत सहाशेच्या वर झाल्या. दुपारी चारला चहा झाला की ती एक काढायची, लावायची आणि खुर्चीत बसायची. त्या वेळी मी घरी असलो तरी फोनवर असायचो. माल चांगला लागला, गिऱ्हाईक खूश आहे, एवढ्यावर माझं समाधान होतं.

दोन वर्षांपूर्वी प्लेअर अडखळायला लागला. मेकॅनिकने उघडून पाहिला आणि सांगितलं की याचं वाचणारं भिंग म्हातारं झालंय आणि तो पार्ट आता येत नाही. त्यानेच सुचवलं की सगळं डिजिटल करून टाका. एक छोटी डबी, एक हार्ड डिस्क, गाणी फाइलमध्ये. स्पीकर, ॲम्प्लिफायर तेच राहतील.

शोरूमवाल्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. बायकोच्या वहीतल्या यादीचे फोटो घेऊन शोधत शोधत एका गृहस्थांकडे पोहोचलो. स्वतःच्या फ्लॅटमध्ये हा व्यवसाय करायचे. शांत, चष्मेवाले, मला 'सर' म्हणणारे. त्यांनी नीट समजावलं. एमपीथ्रीमध्ये जागा वाचवायला आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देतात. फ्लॅक नावाच्या फाइलमध्ये काही टाकत नाहीत, फक्त घडी घालून ठेवतात. उलगडली की सीडीवर होतं ते जसंच्या तसं. आणि हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षाही बारीक विणीचं. त्यांनी माझ्यासमोर चार गाणी वाजवली. मला गाण्यातलं कळत नाही, पण अंगावर काटा आला हे खरं.

"तुमच्या यादीतलं सगळं आणि वर आणखी हजारभर अल्बम, असा पूर्ण डिस्कचा सेट आहे, सर."

मी घासाघीस सुरू केली. अर्धा तास. ते प्रत्येक वेळी थोडे खाली आले, शेवटी तर निम्म्याच्याही खाली. मी जिना उतरलो तो शीळ वाजवत.

हे लिहितानाही चिडचिड होते. चाळीस वर्षं मी टोमॅटोचा एक क्रेट तळात हात घातल्याशिवाय घेतलेला नाही. वरचा थर देखणा आणि खाली बारीक, मऊ पडलेला माल, हे बाजारातलं पोरसुद्धा ओळखतं. आणि भाव फार खाली आला की समजायचं, माल आणखी खाली आलाय. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. पण त्या फ्लॅटमध्ये मी वरची चार गाणी ऐकली आणि क्रेट उचलला.

बायको त्या वेळी पुण्याला होती, मुलीच्या बाळंतपणाला. दीड महिना. मला वाटलं, ती यायच्या आत सगळं नवं करून ठेवू. डबी बसवली, डिस्क जोडली. सीड्यांनी भरलेलं कपाट आता कशाला? दर आठवड्याला गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याला बोलावलं. सगळ्या सीड्या त्याच्या हातगाडीवर गेल्या. त्याने प्लास्टिकच्या डब्या वेगळ्या, आतले कागद रद्दीत आणि नुसत्या तबकड्या एका पोत्यात केल्या. कपाट मी पुसून घेतलं आणि त्यात फुलदाणी ठेवली.

सुनेने, ती घरूनच कंपनीचं काम करते, दारातून विचारलं होतं, "बाबा, आईंना विचारलंय ना?"

"सरप्राइज आहे," मी म्हणालो.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी बायको आली. तिने फुलदाणी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवरून तिच्या आवडीची बंदिश लावली आणि ऐटीत उभा राहिलो. तिने पाच-सात मिनिटं ऐकलं.

"तानपुऱ्यावर ओलं फडकं टाकलंय का कोणी?"

"अगं, हे सीडीपेक्षा भारी आहे. हाय-रेझ."

"असेल." तिने दुसरं लावायला सांगितलं, मग तिसरं. "टाळ्या ऐका. टाळ्या आहेत का या? कढईत काहीतरी तळतंय."

सुनेने लॅपटॉप आणला. तिच्याकडे एक प्रोग्रॅम होता. तो आवाजाचं चित्र काढतो. खऱ्या फाइलीत रंग वरपर्यंत विरत जातात. आमच्या फाइलीत ठराविक उंचीवर सगळं सरळ छाटलेलं, कुंपणाची मेंदी कापावी तसं, आणि वर नुसता काळोख.

"बाबा, या एमपीथ्रीच आहेत. मोठ्या पिशवीत भरून वर फ्लॅकचं लेबल लावलंय. ती पहिली चार तेवढी खरी आहेत."

मी त्या गृहस्थांना फोन लावला आणि जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही दिलेल्या बजेटमध्ये हेच बसत होतं." मी फोन सोफ्यावर आपटला. सुनेने तो उचलून काच तपासली.

"जाऊ दे," मी बायकोला म्हणालो. "नव्या घेऊ. दुप्पट घेऊ."

"त्यातल्या निम्म्या आता कुठे मिळत नाहीत." ती फुलदाणी उचलून खाली ठेवत होती. "आणि त्या माझ्या होत्या."

एवढंच. नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन मेथी निवडायला बसली. तिने भांडण केलं असतं तर मी जिंकलो असतो. भांडणात मला कोणी हरवत नाही. पण ती मेथी निवडत होती. चार वाजले, चहा झाला, आणि ती खुर्चीकडे गेलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं गाणं मी दुसऱ्यांदा बंद केलं होतं, आणि या वेळी गरिबीवर ढकलता येत नव्हतं.

दसरा झाला आणि दुसऱ्याच सकाळी भंगारवाल्याला गाठलं.

"ते पोतं? ते तर महिना झाला गेलं, शेट. पेठ तालुक्याकडचा एक जण घेऊन गेला. नागली भरायला आली की पाखरं बसतात ना, त्यांना बुजवायला. उन्हात चमकतात."

त्या माणसाचा नंबर त्याच्याकडे होता, कारण तो दर खेपेला त्याच्याकडून रिकामी पोतीही नेत असे. मी गाडी काढली. बायको पुढच्या सीटवर येऊन बसली. हातात तिची वही.

पेठच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलो. उतारावर भात पिवळा पडत चालला होता आणि त्याच्या वरच्या अंगाला नागली, म्हणजे आपली नाचणी. वळण घेतलं आणि दोघांनीही एकदम पाहिलं. काठ्यांना सुतळी बांधलेली, सुतळीला हाताहाताच्या अंतरावर सीड्या. सगळा उतार लुकलुकत होता. वारा आला की लख्खकन एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची. बायकोने वही छातीशी धरली.

शेताच्या बांधावर एक बाई गवत कापत होती. पन्नाशीची असेल. पोतं घेऊन गेलेल्या माणसाची बायको. तो मजुरीला गेला होता. मी तिला ओळख सांगितली नाही. सवयीने बाजारात उभा राहतो तसा उभा राहिलो.

"काय हे जुनं प्लास्टिक टांगलंय, ताई? याने कुठं पाखरं जातात? मी तुम्हाला नवीन चमकी पट्टी देतो, लांबच्या लांब रीळ. हे काढून टाका."

तिने विळा खाली ठेवला. आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.

"शेट, जुन्या प्लास्टिकसाठी नाशिकवरनं गाडी घेऊन आलात?"

"इकडून चाललो होतो..."

"ह्यो रस्ता पुढं कुठं जात नाय. आमच्या घरापाशी संपतो."

मी दुसरा डाव विचारात घेत होतो तोवर बायको गाडीतून उतरली आणि सरळ तिच्याजवळ गेली.

"ही माझी गाणी आहेत, बाई. यांनी मला न विचारता भंगारात दिली."

ती बाई माझ्याकडे वळली. "न इचारता?"

मी डोंगराकडे पाहिलं.

"आमच्यातला बी असाच. माझी कोंबडी इकली न इचारता. आठ दिस बोलले नाय मी." मग बायकोला म्हणाली, "न्या ना मग. तुमच्या हायेत तर न्या."

"पण तुमची नागली?" बायको म्हणाली. "अजून उभी आहे."

"कापायला दहा-बारा दिस हायेत. पाखरं तर येतीलच." ती हसली. "खरं सांगू? ह्यांना आता भीत बी नाय ती. पैले आठ दिस भ्याली. आता बसतात, तोंड बघतात आरशात."

माझं डोकं चालू झालं. ओळखीच्या एका द्राक्ष बागायतदाराकडे पक्ष्यांसाठीच्या जाळ्या पडून होत्या. मी म्हणालो, उद्या जाळ्या आणून देतो, त्या अंथरल्या की सीड्या काढू. माझ्या दृष्टीने हा चोख व्यवहार होता. या हातात जाळी, त्या हातात सीडी.

ती बाई तोवर पहिली गाठ सोडायला लागलीही होती.

"अहो, जाळी उद्या येणार आहे," मी म्हणालो.

"उद्या आणा की. उनात आजून एक दिस कशाला ठेवायच्या? ताईंचा जीव तिकडं लागलाय."

"आणि मी आणली नाही तर?"

हा प्रश्न मी का विचारला ते मला आजही सांगता येत नाही. तिने गाठ दाताने सोडवली आणि मग उत्तर दिलं.

"नाय आणली तर पोरी टिन वाजवत बसतील. दरसाल बसतातच."

चाळीस वर्षांत मी पुढच्याचा माल हातात आल्याशिवाय माझी मूठ उघडलेली नाही. माझा जम त्यानेच बसला, त्याची मला लाज नाही. पण त्या बांधावर मी मुकाट्याने सुतळी सोडायला लागलो. आम्ही तिघांनी दुपारपर्यंत सगळ्या काढल्या. बायको प्रत्येक सीडी उन्हाकडे धरून वरचं पुसट नाव वाचायची आणि वहीत खूण करायची. काहींवर पाखरांनी आपली मतं नोंदवली होती. निघताना त्या बाईने नागलीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी खिशात हात घातला तर बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी हात बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्या घेऊन मी स्वतः गेलो. ड्रायव्हरबरोबर पाठवता आल्या असत्या. तिच्या नवऱ्याने आणि मी त्या अंथरल्या. तो म्हणाला, बायकोने कोंबडीचं तुम्हालाही सांगितलं का? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, ती सगळ्यांना सांगते.

मग आमच्या घरी धुणं निघालं. मोरीत टब, त्यात कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब. मी ताटं पुसतात तशा गोल गोल पुसायला लागलो आणि सून ओरडली.

"बाबा, गोल नाही! मधून बाहेर, सरळ! गोल चरा पडला तर तो वाचणाऱ्या किरणाला सगळ्या वाटेत लागतो. आडवा असला तर उडी मारून जाता येतं."

साठ वर्षांच्या माणसाला पुसायला शिकवलं तिने. मी शिकलो. टॉवेलवर सीड्या वाळत घातल्या तेव्हा खोलीच्या छतावर सप्तरंगी कवडसे पडले होते.

सुनेने लॅपटॉपला एक चांगला ड्राइव्ह जोडला. तिचं म्हणणं होतं की घाई करायची नाही. तिचा प्रोग्रॅम सीडी नुसती कॉपी करत नाही. शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि सगळ्या वाचनांचं उत्तर सारखं येईपर्यंत पुढे सरकत नाही. शेवटी जगात इतर लोकांनी त्याच सीडीची काढलेली प्रत आणि आपली प्रत यांचे आकडे पडताळतो. जुळले तर हिरवी खूण. हे मला फार पटलं. आपल्या काट्यावर वजन केल्यावर माल दुसऱ्याच्या काट्यावर टाकून बघावा, तसं. ज्या सीड्या इतर कोणीच कधी तपासल्या नव्हत्या, त्यांना हिरवी खूण मिळायची नाही. अशा बऱ्याच होत्या. त्या वेळी बायकोच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान दिसायचा.

धडधाकट सीडीला पाच-सात मिनिटं लागायची, शेतात खरचटलेलीला कधी दोन-दोन तास. सून मीटिंगमध्ये असली की सीडी बदलायचं काम माझं. नावं टाइप करण्याचं काम बायकोचं: राग, ताल, साथीला कोण, कुठली मैफल. बाजारात विकत मिळणाऱ्या फाइलीत एवढं कोणी लिहीत नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, तरी मी रोज दुपारी तासभर घरी यायला लागलो. गाडीत बसलो की मन हिशेब करायचं, आज कितव्या सीडीवर आलो.

पुसताना मी तिला एकदा विचारलं, "तेव्हा रियाझ सुटला त्याचा माझ्यावर राग होता का?"

"होता."

"बोलली नाहीस."

"तुम्ही पहाटे तीनला उठून जात होता. तुमच्यावर रागवायला तुम्ही घरात कुठे होता?" तिने फडकं पिळलं. "तो केव्हाच गेला. या वेळचा मात्र अजून थोडा आहे."

मला हायसं वाटलं. तिचा राग निदान मोजण्याएवढा होता.

सहाशेतल्या अकरा वाचल्याच गेल्या नाहीत. सतरा शेतापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, वाटेत कुठेतरी गळाल्या. बाकी सगळ्या आहेत. आता त्यांतली गाणी गुळाच्या छोट्या ढेपेएवढ्या त्या डबीत आहेत, त्यांची दुसरी प्रत सुनेकडे आणि तिसरी पुण्याला मुलीकडे. ही तीन ठिकाणची कल्पना सुनेची. मूळ सीड्यांना बायकोने मलमलीच्या पिशव्या शिवल्या आणि त्या कपाटात परत गेल्या. फुलदाणी कुठे गेली ते मी विचारलं नाही.

सगळं संपलं त्या दिवशी चारला चहा झाला. मी मोबाइल तिच्याकडे दिला. कोणाच्याही हातात फोन देण्याआधी त्यात कुठलं गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बघायची माझी सवय. त्या दिवशी बघितलं नाही.

"काय लावायचं?" मी विचारलं. वीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो.

तिने बराच वेळ यादी वर-खाली केली आणि एक मुलतानी लावला. खुर्चीत बसली. मी दुसरी खुर्ची ओढून घेतली. तानपुरा सुरू झाला आणि मला, ज्याला काही कळत नाही त्याला, तो एकटा वेगळा ऐकू आला. मागे, स्वच्छ, एकसारखा. त्या शेतातल्या बाईने अजून एक दिवस सीड्या उन्हात ठेवल्या असत्या, सुनेने घाई केली असती, किंवा हिने त्या बांधावर माझ्यासारखंच डावपेचाने बोलायचं ठरवलं असतं, तर हे ऐकू आलं नसतं. यातलं काहीही मी कमी भावात मिळवलेलं नव्हतं. मिळालं होतं.

पंधराएक मिनिटं झाली असतील. आलाप चढत होता आणि मध्येच टक् असा आवाज आला, क्षणभर पोकळी, आणि गाणं पुढे चालू. मी दचकलो. ती दचकली नाही.

"इथे ऊन लागलंय," ती म्हणाली.

"सून म्हणत होती, तेवढा तुकडा साफ करून जोडता येतो. सांगू का तिला?"

"असू दे."

"पण एवढा चांगला चाललेला आलाप, आणि नेमका तिथेच..."

"अहो," तिने डोळे न उघडता माझ्या मनगटावर हात ठेवला, "गाणं चालू आहे. मध्ये बोलू नका."